बावीसचा खळगा

फाइल उघडताना आधी पंखा घुरघुरतो,
मग पडद्यावर अख्खा पंप येतो, राखाडी,
गोगलगायीसारखा स्वतःभोवती वळलेला,
कुठून सुरू झाला याचा पत्ता लागू न देणारा.
डावीकडे यादी. दोनशे चौदा पायऱ्या.
रचणारा निवृत्त : इग्नेशस मिस्किटा,
मरोळ गावठाण, फोन लागत नाही.
शेठ म्हणाले, हाच सव्वापट करून दे.
गुरुवारपर्यंत.

यादीच्या तळाशी एक पिवळी पट्टी असते.
ती धरून मी वर ओढते
आणि पंप उलटा जगू लागतो.
आधी कंपनीचं नाव पुसलं जातं,
मग कडांची गोलाई, एकेक कड पुन्हा बोचरी,
मग बोल्टांची आठही भोकं एका झटक्यात बुजतात
(सात होती पहिलीचीच नक्कल),
पोट भरून येतं, मान आत जाते,
आणि शेवटी, म्हणजे सुरुवातीला,
एक वर्तुळ,
त्याच्या मधोमध एक टिंब.
एवढ्यावरून हे सगळं?

आता खाली. एकेक पायरी, वहीत टिपत.
नावं रोमन अक्षरांत, पण आपली :
पोट. नाक. डावा कान. मान जाड.
एक नुसतंच ‘बघू नंतर’.
त्रेचाळीस ते एकोणपन्नास एकाच भिंतीची जाडी,
सहा, आठ, पुन्हा सहा, साडेसात.
हा माणूस चुकलं तर खोडत नसे,
वर दुसरं रचत असे.
सत्तरावी पायरी झाकून ठेवलेली :
एक बरगडी, उभी केलेली, मग नको झालेली,
तरी टाकून न दिलेली.
दुपारपर्यंत मला त्याचा हात ओळखू यायला लागला,
आधी रेघ सैल, माप मागाहून.

एकशे सदतीस.
जी एच ए डी आय.
घडी?
फ्लँजच्या खाली एक खळगा, गोल,
बावीस रुंद, चार खोल, त्यात काहीच बसत नाही.
मी दुमड शोधली. मग वेळ शोधली.
बाकीचे आकडे एकमेकांचे सोयरे,
भोक भिंतीला विचारतं, भिंत पोटाला,
हा बावीस मात्र कुणाचा कुणी नाही.
आळस केला म्हाताऱ्याने, म्हटलं,
आणि उडवला.
खालच्या एकोणीस पायऱ्या लालभडक झाल्या.

परत आणला. जिना उतरले.
खाली असेंब्लीत रॉकेलचा वास,
टेबलावर तोच पंप, खराखुरा, बिडाचा,
आणि एक माणूस गॅस्केट बसवत होता.
न बघता त्याचा डावा अंगठा
सरळ त्या खळग्यात गेला,
उजव्या हाताने पहिला नट फिरला.
अंगठा वरच्या पेरात वाकत नव्हता.

“आधी कड कापायची इथे,” तो म्हणाला.
“मिस्किटा साहेब एकदा साबणाची वडी घेऊन आले,
म्हणाले, दाब. दाबला.
ठशाला व्हर्नियर लावलं नि गेले वर.
मला वाटलं, काहीतरी मस्करी.”
तुमचं नाव?
“घाडी.”

सव्वाने गुणलं मी सगळं, पोट, नाक, कान,
भिंत, भोकं, मानेची जाडी.
बावीस बावीसच ठेवला.
पण मोठ्या फ्लँजवर खळगा नटापासून दूर गेला,
म्हणून पुन्हा खाली जाऊन
घाडींचा पंजा पट्टीने मोजला
(ते हसले, “आता साबण नाही?”)
आणि तो अकरा मिलिमीटर जवळ आणला.
दोन पायऱ्या लाल झाल्या, त्या सांधता सांधता
साडेआठ वाजले.

जाता जाता नाव देवनागरीत लिहून पाहिलं,
सॉफ्टवेअरने चार चौकोन दाखवले.
मग त्याच रोमन अक्षरांत
एक ए वाढवला.
माझ्यानंतर जो कुणी पट्टी ओढेल
त्याला निदान घड्याळ शोधत बसायला नको.